वाचकांचे प्रश्न : लोकप्रतिनिधीच्या खुर्चीला मुदत असावी का?

प्रश्न : अमेरिकेचा अध्यक्ष दोनपेक्षा जास्त वेळा निवडून येऊ शकत नाही. मात्र तिथल्या काँग्रेसमध्ये (प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून होणाऱ्या संसदेत) पन्नास-पन्नास वर्षे जागा अडवून बसलेली माणसे दिसतात. एकाच लोकशाहीत हे दोन न्याय कसे? साधा कायदा करून ही मर्यादा का घालत नाहीत?
— एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : आपले निरीक्षण खरे आहे. मिशिगनचे जॉन डिंगेल १९५५च्या अखेरीस पोटनिवडणुकीतून प्रतिनिधिगृहात आले आणि २०१५च्या जानेवारीत, एकोणसाठ वर्षांनी बाहेर पडले. त्यांच्याआधी त्यांचे वडील १९३३पासून याच सभागृहात होते आणि त्यांच्यानंतर त्यांची पत्नी निवडून आली. वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड एक्कावन्न वर्षे सिनेटमध्ये होते आणि २०१०मध्ये पदावर असतानाच वारले. प्रतिनिधिगृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी होते खरी, पण पुन्हा उभे राहणाऱ्या विद्यमान सदस्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जण बहुतेक वेळा निवडून येतात.

गंमत अशी की, अमेरिकेने सुरुवात मर्यादेनेच केली होती. १७८१मध्ये अमलात आलेल्या पहिल्या संघ-करारात, कोणाही प्रतिनिधीला सहा वर्षांच्या काळात तीन वर्षांपेक्षा जास्त काळ काँग्रेसमध्ये बसता येणार नाही, अशी तरतूद होती. पुढे राज्यघटनेचे प्रमुख शिल्पकार ठरलेले जेम्स मॅडिसन यांना १७८३मध्ये याच नियमामुळे जागा सोडावी लागली. १७८७मध्ये फिलाडेल्फियात नवी घटना लिहिताना ही तरतूद वगळण्यात आली. नव्या घटनेच्या विरोधकांनी त्यावर बरेच वादंग माजवले. न्यूयॉर्कच्या मेलांक्टन स्मिथ यांनी तर सिनेटरांना आळीपाळीने घरी पाठवलेच पाहिजे, असा आग्रह धरला. मॅडिसन यांचे म्हणणे असे की, सभागृहात नवख्यांचे प्रमाण जितके जास्त, तितके ते सभागृह इतरांच्या डावपेचांना सहज बळी पडते. स्वतः नियमाने बाहेर फेकल्या गेलेल्या माणसाचे हे मत असल्याने त्यात थोडा स्वार्थ शोधता येईल. पण पुढे काय झाले ते पाहता त्यांचा मुद्दा सहजी झटकता येत नाही.

अध्यक्षावरील मर्यादा बरीच नंतरची आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी दोन कार्यकाळांनंतर निवृत्ती घेतल्याने पायंडा पडला, तो फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा निवडून आल्यावर मोडला आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून १९५१मध्ये बाविसावी घटनादुरुस्ती संमत झाली. दोन न्यायांबद्दल बोलायचे तर मला त्यात मोठी विसंगती वाटत नाही. सैन्य आणि प्रशासन ज्याच्या एकट्याच्या हाती असते त्याला लगाम घालण्याची निकड वेगळी, आणि ४३५ किंवा १०० जणांमध्ये एक मत असलेल्या सदस्याची वेगळी.

राहिला साध्या कायद्याचा प्रश्न. सदस्यत्वासाठी किती वय हवे, किती वर्षांचे नागरिकत्व हवे आणि निवडून देणाऱ्या राज्याचा रहिवासी असणे, एवढ्याच अटी घटनेत आहेत. आर्कान्सासच्या मतदारांनी १९९२मध्ये आपल्या राज्याच्या स्वतंत्र घटनेत दुरुस्ती करून, प्रतिनिधिगृहात तीन किंवा सिनेटमध्ये दोन कार्यकाळ केलेल्याचे नाव मतपत्रिकेवर छापायचेच नाही, असे ठरवले. मतदाराने हाताने नाव लिहिले तर चालणार होते. ही पळवाट चतुर होती, पण टिकली नाही. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, घटनेतल्या पात्रतेच्या अटींत राज्येही भर घालू शकत नाहीत आणि काँग्रेसही घालू शकत नाही. त्या क्षणी तेवीस राज्यांचे असे नियम रद्दबातल झाले. आता घटनादुरुस्ती हाच मार्ग उरतो. त्यासाठी एरवी दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते आणि अडतीस राज्यांची मान्यता लागते. त्याच वर्षी मार्चमध्ये बारा वर्षांच्या मर्यादेचा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात आला, त्याला २२७ विरुद्ध २०४ मते पडली. बहुमत मिळाले, दोन-तृतीयांश मिळाले नाही. अनेक सदस्यांसाठी ही सोयीचीच स्थिती होती असे म्हणावे लागेल, कारण बाजूने मत दिल्याचे पुण्यही पदरी पडले आणि जागाही राहिली.

प्रश्न : अमेरिकेतील काही राज्यांच्या विधिमंडळांत अशी मर्यादा प्रत्यक्षात आहे, असे वाचले. तिथे भ्रष्टाचार कमी झाला का? नवे चेहरे आले का?
— राज्यशास्त्राचा एक विद्यार्थी

उत्तर : सध्या सोळा राज्यांत ती आहे. राष्ट्रीय पातळीवर जे करून पाहता आले नाही, ते तिथे तीन दशकांहून अधिक काळ चालू असल्याने या वादात मतापेक्षा अनुभवाला अधिक वजन मिळायला हवे.

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९०मध्ये कनिष्ठ सभागृहासाठी सहा आणि वरिष्ठ सभागृहासाठी आठ वर्षांची आजन्म मर्यादा घातली. त्यामागे एक चेहरा होता, तो म्हणजे १९८०पासून सभापतिपदावर असलेले विली ब्राउन. त्यांचा सभागृहावर एवढा पगडा होता की, तो नियम त्यांना हटवण्यासाठीच केला आहे, असे उघडपणे बोलले जाई. ब्राउन गेले आणि सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर झाले. बाकीच्यांचेही थोड्याफार फरकाने असेच झाले. कनिष्ठ सभागृहातला वरिष्ठ सभागृहाकडे, वरिष्ठातला स्थानिक मंडळांकडे किंवा काँग्रेसकडे, अशी रीघ लागली. राजकारणाचा पेशा त्यामुळे संपला नाही. पेशेवाईकांचे फक्त बिऱ्हाड हलत राहिले.

सहा वर्षे म्हणजे नेमके किती, हे जवळून पाहिले तर अडचण लक्षात येते. पहिली दोन वर्षे सदस्य सभागृहाचे नियम, समितीचे कामकाज आणि अर्थसंकल्पाची रचना शिकण्यात घालवतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याला समितीचे अध्यक्षपद मिळू शकते, कारण त्याच्याहून जुने कोणी उरलेलेच नसते. पाचव्या वर्षापासून तो पुढच्या पदासाठी निधी गोळा करायला लागतो. ज्या कायद्याची फळे दहा वर्षांनी दिसणार, त्यासाठी झटण्यात त्याला आता काहीच लाभ नसतो. खात्याचा सचिव मात्र तिथे वीस वर्षे बसलेला असतो. मागच्या वेळी हेच कलम का वगळले होते, असा प्रश्न समितीत निघाला, की त्याचे उत्तर ठाऊक असलेली दोनच माणसे खोलीत उरतात : तो अधिकारी आणि भिंतीलगतच्या खुर्चीवर बसलेला एखाद्या उद्योगसंघटनेचा लॉबिस्ट, म्हणजे तिच्या हितासाठी सदस्यांचे मन वळवणारा माणूस. राज्यांच्या विधिमंडळांचा अभ्यास करणाऱ्यांनी वारंवार काढलेला निष्कर्ष हाच आहे की, मर्यादेमुळे विधिमंडळाचे वजन घटते आणि राज्यपाल व नोकरशाही यांचे वाढते. (अमेरिकेतला राज्यपाल निवडून आलेला आणि कार्यकारी प्रमुख असतो, एवढे ध्यानात ठेवावे.)

नवे चेहरे आले, यात शंका नाही. सभागृहाची सामाजिक जडणघडण मात्र अपेक्षेइतकी बदलली नाही. भ्रष्टाचाराचे म्हणाल, तर तो कमी झाल्याचा भक्कम पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

मतदारांनी स्वतःच या अनुभवातून काय धडा घेतला, हे मला सर्वांत बोलके वाटते. कॅलिफोर्नियाने २०१२मध्ये आणि मिशिगनने २०२२मध्ये जुना नियम बदलून, दोन्ही सभागृहे मिळून बारा वर्षे आणि ती हवी तर सगळी एकाच सभागृहात, अशी मुभा दिली. मर्यादा काढून टाकली नाही, सैल केली. सत्ता ही रिकामी जागा सोडत नाही. सदस्याच्या हातून ती काढून घ्यायची असेल, तर ती कोणाच्या हाती जाईल हे आधी ठरवायला हवे. तो हिशेब १९९०मध्ये कोणी मांडला नव्हता, नंतर तो मांडावा लागला.

प्रश्न : जगात इतरत्र कुठे संसद सदस्यांवर असे बंधन आहे का?
— एक नियमित वाचक

उत्तर : आहे, आणि ते जुनेही आहे. प्राचीन अथेन्समध्ये पाचशे जणांचे मंडळ चिठ्ठ्या टाकून एका वर्षासाठी निवडले जाई आणि कोणाही नागरिकाला आयुष्यात दोनपेक्षा जास्त वेळा त्यात बसता येत नसे. आजच्या काळात कोस्टा रिकाचे उदाहरण सर्वांत कडक म्हणता येईल. तिथल्या १९४९च्या घटनेनुसार संसदेच्या ५७ सदस्यांपैकी एकालाही लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येता येत नाही.

मेक्सिकोची कथा थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. पोर्फिरिओ दियास यांच्या प्रदीर्घ एकाधिकारशाहीविरुद्ध क्रांती झाली, ती ‘पुन्हा निवड नको’ या घोषणेने. १९३३मध्ये हे तत्त्व संसदेपर्यंत नेऊन लागोपाठ फेरनिवडीवर बंदी घातली गेली. परिणाम असा झाला की, पुढचे तिकीट मतदाराच्या हाती राहिले नाही, कारण मतदार कितीही खूश असला तरी त्याच जागेवर परत निवडू शकत नव्हता. सदस्याचे पुढचे पद, नेमणूक किंवा उमेदवारी सगळे पक्षाच्या हाती आले, आणि तिथे दशकानुदशके सत्ता एकाच पक्षाकडे होती. खुर्चीवरचा माणूस बदलत राहिला आणि खुर्ची पक्षाची झाली. २०१४मध्ये ही चूक ओळखून एकूण बारा वर्षांपर्यंत लागोपाठ फेरनिवडीची परवानगी मिळाली. पण २०२५मध्ये पुन्हा घटनादुरुस्ती होऊन २०३०पासून बंदी परत येणार असे ठरले. पेरूनेही असाच कोलांट्यांचा खेळ केला : २०१८च्या सार्वमताने लगेचच्या फेरनिवडीवर बंदी आणि २०२४मध्ये ती रद्द.

फिलिपिन्सच्या १९८७च्या घटनेत सिनेटरला लागोपाठ दोन आणि प्रतिनिधीला लागोपाठ तीन कार्यकाळांची मर्यादा आहे. हुकूमशहा मार्कोस यांच्या राजवटीनंतर घराणेशाही मोडावी हा हेतू त्यामागे होता. घडले असे की, मुदत संपलेल्या सदस्याच्या जागी पत्नी, मुलगा किंवा भाऊ उभा राहू लागला, एका फेरीनंतर मूळ मालक परतू लागला, आणि काही घराण्यांत पूर्वी एक जण राजकारणात होता तिथे तीन-चार जण आले. अशा ठिकाणी नियम माणसाला मोजतो, कुटुंबाला मोजत नाही.

प्रश्न : एखाद्या उमेदवारानेच स्वतःहून ‘तीन वेळांनंतर उभा राहणार नाही’ असे वचन दिले, तर घटनादुरुस्तीची गरजच काय?
— एक तरुण मतदार

उत्तर : वचने दिली गेली आहेत. ओक्लाहोमाचे टॉम कोबर्न यांनी ते पाळले आणि तीन कार्यकाळांनंतर २००१मध्ये प्रतिनिधिगृह सोडले. सिनेटमध्ये ते नंतर वेगळ्या निवडणुकीने गेले. वॉशिंग्टन राज्याचे जॉर्ज नेदरकट यांचे उदाहरण याच्या उलट आहे. त्यांनी १९९४मध्ये प्रत्यक्ष सभापती टॉम फोली यांचा पराभव केला. तिथल्या मतदारांनी संमत केलेल्या मर्यादेविरुद्ध फोली कोर्टात गेले होते, हा त्या प्रचारातला मोठा मुद्दा होता. नेदरकट यांनी तीनच कार्यकाळांचे वचन दिले आणि २०००मध्ये ते मोडून चौथ्यांदा उभे राहिले. मतदारांनी त्यांना निवडूनही दिले.

मिझुरीने वचनापुढे जाऊन उमेदवारांना लाज वाटावी असा उपाय शोधला होता. काँग्रेसच्या ज्या सदस्याने मर्यादेच्या घटनादुरुस्तीसाठी प्रयत्न केले नाहीत, त्याच्या नावाशेजारी मतपत्रिकेवरच ‘मतदारांच्या आदेशाची अवहेलना केली’ अशा अर्थाचा शेरा छापायचा होता. २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही घटनाबाह्य ठरवला.

टेक्सासचे सिनेटर टेड क्रूझ अनेक वर्षे सिनेटरला दोनच कार्यकाळ देणारी घटनादुरुस्ती मांडत आले आहेत आणि २०२४मध्ये ते स्वतः तिसऱ्यांदा निवडून आले. मर्यादा सर्वांना लागू झाली तर आपण ती आनंदाने पाळू, एकट्याने पाळणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. यावर हसू येते, पण तर्क म्हणून ते पोकळ नाही. सिनेटमध्ये समित्यांची सूत्रे ज्येष्ठतेने मिळतात, त्यामुळे एकटा बाहेर पडणारा सदस्य स्वतःबरोबर आपल्या राज्याचे वजनही घालवतो आणि त्याच्या शेजारचा, मर्यादा न मानणारा सदस्य, त्याच्या जागेवर सरकतो.