टाइल्सच्या मधल्या फटी काळ्या-पिवळ्या पडल्यात, कमी खर्चात परत पांढऱ्या कशा करायच्या?

तुम्ही लिहिलंय की धुळ्यात भाड्याने राहता, ओट्यामागच्या आणि बाथरूमच्या टाइल्स धड आहेत पण मधलं ग्राउट, म्हणजे फटी भरायचा मसाला, पार काळं-पिवळं झालंय आणि घरमालक एक रुपया काढायला तयार नाही. मी भुसावळचा, मिस्त्री-बिस्त्री नाही, पण ह्याच कामात एकदा चांगला आपटलोय म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, ऍसिड आणू नका. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नुसतं "स्टाईल साफ करायचीय" म्हटलं की समोरचा ऍसिडची बाटली काढून ठेवतो, मलाही तीच मिळाली. ओतलं की फसफस फेस येतो, दहा मिनिटांत फटी पांढऱ्याशुभ्र, मी तर खुश. पण साधं ग्राउट म्हणजे सिमेंटच हो, ऍसिड घाण काढत नाही, वरचा थर खाऊन टाकतं. महिनाभरात नख फिरवलं की पीठ निघायला लागलं आणि त्या भुसभुशीत फटींनी आधीपेक्षा दुप्पट मळ धरला. नळाची चकाकी गेली ते वेगळंच. संडास साफ करायच्या निळ्या बाटलीतही ऍसिडच असतं, त्यामुळे तीही नको.

दुसरं, ओट्याची घाण आणि बाथरूमची घाण वेगळी असते, एकच औषध दोन्हीकडे चालत नाही.

ओट्यामागे असते ती फोडणीची वाफ. आपल्याकडे शेवभाजीची तर्री उडते, भरताची वांगी गॅसवरच भाजतात, ते सगळं तेल आणि हळद फटीत मुरतं कारण सिमेंटला बारीक छिद्रं असतात. ह्याला किराणा दुकानातला धुण्याचा सोडा, खायचा नाही, धुण्याचा. अर्धा लिटर कढत पाण्यात दोन मोठे चमचे, हातात रबरी मोजे घाला नाहीतर कातडी सोलते. आता भिंत उभी, पाणी थांबणार कसं, तर जुन्या बनियनच्या पट्ट्या फाडा, त्या पाण्यात बुडवून फटींवर चिकटवून द्या आणि पंधरा मिनिटं विसरून जा. मग जुन्या टूथब्रशने घासा, तारेचा ब्रश नको, टाइलवर ओरखडे पडतात. सुटलेलं काळं पाणी लगेच कोरड्या फडक्याने टिपा. बरेच जण इथंच चुकतात, एकाच फडक्याने पुसत बसतात आणि तीच घाण पुढच्या फटीत भरतात.

एक गंमत सांगतो, सोडा लावल्यावर माझ्या दोन फटी एकदम लालभडक झाल्या. मी घाबरलो, म्हटलं आता रंगच बदलला. आई मागून बघत होती, आधी "भिंत पाडशी का काय आते?" म्हणाली आणि मग हसायला लागली, अरे हळद आहे ती, हळदीला चुना लावला की कुंकू होतं तसं. नुसतं पाणी मारून धुतल्यावर लाली उतरली पण पिवळा डाग राहिलाच. त्याला मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड, छोटी बाटली मिळते. त्यात खायचा सोडा कालवून घट्टसर लेप करायचा, फटीवर पंधरा मिनिटं ठेवायचा, धुवायचा. लागेल तेवढाच कालवा आणि बाटलीत बंद करून ठेवू नका, गॅस धरून झाकण उडतं. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायचे व्हिडिओ फिरतात ना, त्यात फेस मस्त येतो पण दोघं एकमेकांना मारून टाकतात, हाती उरतं जवळपास खारट पाणी.

बाथरूममध्ये काळं म्हणजे बहुतेक बुरशी. कपड्यांचं ब्लीच पाण्यात पातळ करून दहा मिनिटं लावा, खिडकी उघडी ठेवा, खळखळून धुवा. आणि हे नीट वाचा, ब्लीच आणि ऍसिड किंवा व्हिनेगर एकमेकांत कधीच जाऊ देऊ नका, क्लोरीन वायू तयार होतो, लहानशा बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं. बोअरच्या खाऱ्या पाण्याचा जो पांढरा-पिवळा थर टाइलवर बसतो त्याला लिंबू चालतं, पण ते दुसऱ्या दिवशी, आणि आधी फटी साध्या पाण्याने भिजवून घ्या म्हणजे आंबट पाणी आत कमी मुरतं.

एवढं करूनही जिथे फट पोकळ किंवा भुसभुशीत राहील तेवढीच नव्याने भरा, सगळी भिंत नको. हेक्सा ब्लेडचा, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचा, तुकडा घ्या, एका टोकाला कापड गुंडाळा आणि दोन-तीन मिलिमीटर खरवडा. धूळ ब्रशने काढा, फट ओलसर करा. किलोभर ग्राउटची पुडी शंभराच्या आसपास येते, भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट कालवा. भरायला महागडं हत्यार नको, तुटक्या स्लीपरचा रबरी तुकडा बास, तिरका धरून दाबत न्यायचा. पंधरा-वीस मिनिटांनी पिळलेल्या स्पंजने तिरकं पुसा, सरळ पुसलं तर भरलेलं बाहेर येतं.

आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे भरदुपारी करू नका. पारा ४५ ला टेकलेला असतो तेव्हा ग्राउटमधलं पाणी पकडायच्या आतच उडतं आणि बारीक चिरा पडतात. संध्याकाळी भरा, सकाळी हलकं पाणी शिंपडा. बाथरूमला अंघोळीचं पाणी एक दिवस तरी लागू देऊ नये, म्हणून मी ते काम यावलला मावशीकडे लग्नाला निघायच्या आदल्या रात्री केलं, दोन दिवसांनी परत आलो तोवर दगडासारखं झालं होतं. सोडा, पेरॉक्साइड, ग्राउट सगळं मिळून तीनशेच्या आत बसलं, ऍसिडचे पैसे सोडून.