दम लागला की कुठला पंप? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळचे बहुतेक प्रश्न सीओपीडीच्या (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) पेशंटच्या घरच्यांनी पाठवलेत. पेशंट स्वतः फार कमी विचारतात, त्यांना वाटतं आपल्याला पंप (म्हणजे इनहेलर, श्वासातून औषध ओढायचं साधन) मारता येतो.

प्रश्न: बाबांना दोन पंप दिलेत, एक रोजचा आणि एक गरज पडली तर. पण दम लागला की ते हाताला येईल तो मारतात. चालतं का?

नाही चालत. दोन्ही श्वासनळ्या मोकळ्या करणारीच औषधं असली तरी त्यांची कामं वेगळी आहेत. साल्ब्युटामॉल काही मिनिटांतच काम करायला लागतं आणि साधारण 4 ते 6 तासांत उतरतं, म्हणून ते दम लागल्यावर. टायोट्रोपियम सावकाश चढतं पण 24 तास टिकतं, म्हणून रोज एकदाच, ठरलेल्या वेळी, त्या दिवशी बरं वाटत असलं तरीही. आता ऐन धाप लागलेली असताना टायोट्रोपियम ओढलं तर लगेच काही फरक कळत नाही, मग माणूस घाबरून परत ओढतो आणि डोस डबल होतो. याच्या उलटी चूक तर मला जास्त दिसते, 'याने काही होतच नाही' म्हणून रोजचा पंप कपाटात आणि दिवसभर साल्ब्युटामॉल चालू. पंपाच्या रंगावर जाऊ नका, कंपनी बदलली की रंग बदलतो. जाड मार्करने एकावर 'रोज' आणि दुसऱ्यावर 'दम' लिहून टाका, झालं.

प्रश्न: मी फवारा बरोबर मारते तरी औषध घशातच बसल्यासारखं वाटतं, खोकला येतो. पंप खराब आहे का?

पंप बहुतेक चांगलाच असेल, गडबड टायमिंगमध्ये असते. फवारा फार वेगात बाहेर येतो, त्यामुळे आधी दाबलं आणि मग श्वास घेतला तर तो सरळ घशावर आपटतो. करायचं असं: टोपण काढा (हसू नका, टोपणासकट दाबणारे बघितलेत), पंप चांगला हलवा, श्वास पूर्ण बाहेर सोडा, पंपाचं तोंड ओठांत घट्ट धरा, हळू श्वास आत घ्यायला सुरुवात करा आणि तेव्हाच दाबा, दाबल्यावर थांबू नका, 3 ते 5 सेकंद आत ओढतच राहा, मग 10 सेकंद किंवा जमेल तेवढा श्वास रोखा. दुसरा पफ (फवारा) हवा असेल तर अर्धा-एक मिनिट जाऊ द्या आणि परत हलवून घ्या.

हे सगळं एका दमात जमत नसेल, आणि धाप लागलेली असताना कुणालाच धड जमत नाही, तर स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची प्लास्टिकची पोकळ नळी, वापरा. स्पेसर फक्त लहान मुलांचा हा गैरसमज डोक्यातून काढा. एका वेळी एकच पफ, लगेच तोंडाने सावकाश 4-5 श्वास. धुताना सौम्य साबणाचं पाणी घ्या आणि तसाच निथळत वाळू द्या, फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्टॅटिक (स्थिर वीज) तयार होतो आणि औषध भिंतीलाच चिकटून राहतं.

कॅप्सूलवाल्या मशीनचं (ज्यात औषधाच्या पावडरची कॅप्सूल घालून ओढायची असते) मात्र उलटं आहे! तिथे फवारा नसतो, पावडर तुमच्या ओढीनेच आत जाते, म्हणून जोरात आणि खोल ओढायचं. आणि मशीनमध्ये श्वास सोडायचा नाही, ओल लागली की पावडरच्या गुठळ्या होतात.

प्रश्न: आईने चुकून ती कॅप्सूल गिळली. धोका आहे का?

एखादी गिळली तर सहसा घाबरण्यासारखं नसतं, औषध छातीत गेलं नाही एवढंच. रोज गिळत असतील तर तितके दिवस औषधच झालेलं नाही असं धरा.

प्रश्न: पंपानंतर हात थरथरतात, छातीत धडधडतं. बंद करू का? मला काचबिंदू आणि प्रोस्टेट दोन्ही आहेत.

परस्पर बंद करू नका. साल्ब्युटामॉलने थरथर, धडधड होते, थोड्या वेळात शांतही होते. खूपच होत असेल किंवा छातीत दुखत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा.

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. टायोट्रोपियम, इप्राट्रोपियम या गटाच्या औषधांनी तोंड कोरडं पडतं, काहींना लघवी अडकते आणि एका प्रकारच्या काचबिंदूत डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं. इप्राट्रोपियमचं नेब्युलायझेशन (मशीनने औषधाची वाफ करून ओढणं) घेत असाल तर मास्कमधून वाफ डोळ्यांकडे जाते, त्यापेक्षा तोंडात धरायची नळी बरी. आणि काचबिंदूचे थेंब कुठले आहेत तेही बघा, टिमोलॉल असेल तर डोळ्यात टाकलेला तो थेंबसुद्धा श्वासनळ्या आवळू शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना पंपाची आणि छातीच्या डॉक्टरांना थेंबांची कल्पना नसते, असं सर्रास होतं. दोन्हीकडे सगळ्या औषधांची पिशवीच घेऊन जा.

प्रश्न: पंप पाण्यात तरंगला की संपला, हे खरं का?

नाही. औषध संपलं तरी आतला गॅस उरतो आणि फुस्स आवाज येत राहतो, म्हणून फसायला होतं. पाण्यात टाकून काही कळत नाही, उलट तोंडाशी पाणी जाऊन पंप बिघडतो. पंपावर उरलेले पफ दाखवणारा काउंटर असेल तर तो बघा, नसेल तर हिशोब करा: 200 पफचा पंप रोज 8 पफने 25 दिवस जातो.

प्रश्न: रात्री खूप दम लागला तर जास्तीत जास्त किती पफ मारायचे?

हा आकडा इथून देणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या आणि पलंगाशेजारी चिकटवा, रात्री अडीचला कुणाला आठवत नाही. तेवढे पफ घेऊनही आराम नाही, एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतायत किंवा माणूस गुंगीत जातोय, असंबद्ध बोलतोय, तर तडक हॉस्पिटल. गुंगीला 'चला, झोप लागली एकदाची' समजून सोडून देतात, ते करू नका, शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्याचं ते लक्षण असू शकतं. आणि घाई नसलेल्या दिवसांतही गरजेचा पंप आधीपेक्षा जास्त लागायला लागला, कफ वाढला किंवा पिवळा-हिरवा झाला, तर नवीन पंप आणायच्या आधी डॉक्टरांना फोन करा.