तुमचा देव बाकीच्यांना नरकात पाठवतो का? – वसईहून एक उत्तर

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. मैत्रिणीबरोबर तुम्ही एका प्रार्थनासभेला गेलात आणि तिथे ऐकलंत की येशूला न स्वीकारणारा प्रत्येक जण नरकात जाणार. तुमचे वडील जन्मभर पंढरीची वारी करणारे, गेल्या वर्षी गेले. मग त्यांचं काय? सगळे ख्रिस्ती असंच मानतात का? आणि तसं मानत नसाल, तर रोजच्या धबडग्यात तुम्हाला आशा कुठून मिळते, ‘निसर्गात देव दिसतो’ वगैरे खरं असतं की नुसतं बोलायचं?

वडिलांचं आधी. नाही, सगळे ख्रिस्ती असं मानत नाहीत. मी मानत नाही. मी ज्या कॅथलिक चर्चमध्ये जन्मले-वाढले, तेही असं शिकवत नाही. निदान आता तरी नाही. पूर्वी शिकवत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. ‘चर्चबाहेर तारण (म्हणजे मुक्ती) नाही’ हा विचार तिसऱ्या शतकापासून चालत आलेला, आणि १४४२ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने तर यहुदी, मूर्तिपूजक, पाखंडी अशी नावं घेऊन सगळ्यांची रवानगी अग्नीत केली होती.

पण पुढचा किस्सा फारसा कुणी सांगत नाही. बॉस्टनमध्ये लिओनार्ड फीनी नावाचे एक जेझुइट धर्मगुरू होते. ‘कॅथलिक नाही तो नरकात’ हे ते इतक्या आवेशाने सांगू लागले की १९४९ साली रोमहून पत्र आलं: तुम्ही लावता तो अर्थ चुकीचा आहे. फीनींनी ऐकलं नाही, बोलावल्यावर रोमला गेले नाहीत, आणि १९५३ साली त्यांनाच बहिष्कृत केलं गेलं. कागदोपत्री कारण आज्ञाभंगाचं होतं. पण चर्चच्या दाराबाहेर कुणाचंच तारण नाही असं सांगणारा माणूस काही काळ स्वतःच दाराबाहेर होता, याची मला गंमत वाटते. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६४ मध्ये लिहूनच टाकलं की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाला स्मरून वागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. याच परिषदेच्या २८ ऑक्टोबर १९६५च्या दस्तऐवजात हिंदू आणि बौद्ध धर्मांचा नावाने उल्लेख आहे, आणि या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे.

त्याच काळात कार्ल रानर या जर्मन धर्मपंडिताने ‘अनामिक ख्रिस्ती’ अशी कल्पना मांडली: चांगला वागणारा अन्यधर्मीय नकळत ख्रिस्ताचाच असतो. हेतू चांगला होता, पण मला ते पटत नाही. तुमच्या वडिलांना कुणी सांगितलं असतं की काका, तुम्ही खरं तर ख्रिस्तीच आहात, फक्त तुम्हाला ठाऊक नाही, तर ते हसले असते किंवा चिडले असते. वारकऱ्याला वारकरीच राहू द्यावं. आमचे रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत राहिले. शेवटी १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. टिळकांचे अभंग आजही मराठी चर्चमध्ये टाळ-मृदंगावर म्हटले जातात. ते ऐकताना विठोबाचा भक्त गेला कुठे, हा प्रश्नच मला सुचत नाही.

तुमची मैत्रीण यावर योहानाच्या चौदाव्या अध्यायातलं वचन काढेल, म्हणून तेही बोलते: “मीच मार्ग, सत्य व जीवन आहे, माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही.” हे वचन आहेच, ते खोडून टाकता येत नाही. पण ते कुणाला सांगितलंय ते बघा. अटकेच्याच रात्री, अटक होण्याआधी घाबरून बसलेल्या शिष्यांना, थोमाने ‘आम्हाला वाट कशी कळणार’ असं विचारल्यावर. ते धीर देणं आहे; दुसऱ्याच्या बापाचा न्याय करायला दिलेला नियम नव्हे. त्याच योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की या मेंढवाड्यातली नाहीत अशी माझी आणखी मेंढरं आहेत. आणि मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाच्या दिवशी कुणालाही ‘तू कुठल्या धर्माचा’ असं विचारलेलं नाही. भुकेल्याला जेवू घातलंस का, आजाऱ्याकडे गेलास का, तुरुंगातल्याला भेटलास का, एवढंच विचारलंय.

मला मात्र सगळ्यात पटणारं वचन वेगळंच आहे, आणि तिथेच तुमचे पुढचे दोन प्रश्न या पहिल्याला येऊन मिळतात. शत्रूवर प्रीती का करायची, याचं कारण देताना येशू ना मोशेचं नियमशास्त्र काढतो, ना संदेष्ट्यांचा दाखला देतो. तो आभाळाकडे बोट दाखवतो: तुमचा पिता वाइटांवर व चांगल्यांवर आपला सूर्य उगवतो आणि नीतिमानांवर व अनीतिमानांवर पाऊस पाडतो. म्हणजे सगळ्यांना सामावून घेणं ही आधुनिक लोकांनी धर्मात घुसवलेली सवलत नाही. देव कसा आहे, हे येशूने पावसावरून सांगितलंय.

मी वसईची, वाडीवाली. आमच्या पश्चिम पट्ट्यात जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत असतं, कारण एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. पूर्वीच्या लोकांनी ते राखायला गावोगावी बावखलं, म्हणजे छोटी तळी, खणली. पावसाचं पाणी त्यात साठायचं, मुरायचं, विहिरींना पाझर लागायचा, आणि रहाटाने तेच पाणी केळी, पानवेली, मोगऱ्याला जायचं. माझ्या सासूबाई लाल लुगड्यात पहाटेच्या गाडीने दादरला फुलं घेऊन जायच्या. ती फुलं देवळात जायची, दर्ग्यात जायची, लग्नाच्या मांडवात जायची. त्यांना त्यात काही विशेष वाटायचं नाही. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

मग टँकर आले. विहिरींवर मोठे पंप बसवून शहरांसाठी रात्रंदिवस उपसा सुरू झाला. गोड्या पाण्याचा थर खाली गेला की खारं पाणी वर सरकतं, आणि ते ‘ही ख्रिस्तींची विहीर, ती हिंदूंची’ असं बघत नाही. एकाने पाणी विकलं की शेजारच्या दहा जणांच्या केळी करपतात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि इतरांनी हरित वसईची चळवळ उभी केली, तेव्हा त्यात सगळ्या धर्मांची माणसं आली ती यामुळेच. कुणी सर्वधर्मसमभावावर व्याख्यान दिलं म्हणून नव्हे. एक कॅथलिक धर्मगुरू पाण्यासाठी आणि झाडांसाठी रस्त्यावर का उतरतो, असं तेव्हा आमच्यातल्याच काहींनी विचारलं होतं. पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणावरचं परिपत्रक त्यानंतर पंचवीसएक वर्षांनी, २०१५ साली आलं. वसईकर जरा आधी निघाले होते, एवढा अभिमान मी बाळगते. पुढे हेच फादर २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यालाही काहींनी विरोध केला. तरी ते संमेलनाला गेले आणि बोलले.

‘निसर्गात देव दिसतो’ यावर मात्र मी थोडी सावध आहे. सूर्योदयाच्या फोटोवर वचन छापून रोज सकाळी पाठवणारे नातेवाईक मलाही आहेत. पाऊस सगळ्यांवर पडतो हे खरं, पण जुलै २०१८ मध्ये तो आमच्यावर असा पडला की गाड्या बंद, वीज बंद, मिठागरांतली माणसं पाण्यात अडकलेली. पाणी मुरायच्या जागा आपण डबर टाकून बुजवल्या की ते घरात शिरणारच, त्यात देवाची शिक्षा शोधायची गरज नाही. निसर्ग गोड नाही, आणि त्याच्याकडून सांत्वन मागायला गेलात तर बरेचदा हात हलवत परत याल. असिसीच्या संत फ्रान्सिसचं सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हणणारं गीत सगळ्यांना माहीत असतं. पण १२२५च्या सुमारास ते रचलं तेव्हा तो आजारी होता, डोळे जवळजवळ गेलेले होते, उजेड सोसवत नव्हता. सूर्याची स्तुती करणारा माणूस सूर्याकडे बघू शकत नव्हता. मला आशा म्हणजे काय ते यातून कळतं, समुद्रकिनाऱ्याच्या फोटोतून नाही.

आता रोजचं. माझ्या नवऱ्याच्या किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास डायलिसिस. एका वेळेला त्या यंत्रातून सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी जातं. हे कळल्यापासून पाण्याच्या भांडणांकडे मी वेगळ्याच नजरेने बघते. आणि गंमत बघा, केळीची वाडी आहे पण ह्यांना केळं वर्ज्य, कारण त्यात पोटॅशियम. सुकेळी करून विकायची, चाखायची नाहीत. नारळपाणीही नाही.

सेंटरमध्ये यांच्या शेजारी नालासोपाऱ्याचे एक रिक्षावाले चाचा असतात, पलीकडे विरारच्या एक काकू, गुरुवारी दत्ताचा जप करणाऱ्या. रमझानमध्ये चाचांच्या घरून खजूर येतो. पेशंटपैकी कुणालाच तो चालत नाही, म्हणून आम्ही सोबत आलेल्या बायका तो खातो आणि पेशंट आमच्याकडे बघत बसतात. हे आता ठरूनच गेलंय. नाताळात मी केक नेते, त्यात मनुका न घालता. सुई टोचताना हे पुटपुटतात “हे आमच्या बापा”, चाचा बिस्मिल्ला म्हणतात, काकू दत्ताचं नाव घेतात. कुणी कुणाला थांबवलेलं नाही. त्या खोलीत बसून ‘यातले दोघे नरकात जाणार’ असं मनात आणून बघा. मला तरी जमत नाही, आणि जमलं तर ती श्रद्धा नव्हे, निर्दयपणा होईल.

तुम्ही विचारलंत आशा कशाच्या जोरावर. लूकच्या तेराव्या अध्यायात अंजिराच्या झाडाची गोष्ट आहे. तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक, उगाच जागा अडवतंय. माळी म्हणतो, एवढं एक वर्ष असू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. फळ आलं की नाही ते येशूने सांगितलेलंच नाही. गोष्ट तिथेच संपते. वाडीवाल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. आम्ही तेच करतो. खत घालताना फळाची हमी मागत नाही. ह्यांचा प्रत्यारोपणाचा नंबर लागेल की नाही, कुणी सांगू शकत नाही. तोवर पथ्याचं जेवण, वेळेवर सेंटर, आणि वाडीतली मागची बाजू यंदा नव्याने लावायची असं हेच म्हणाले. मी त्याला आशा म्हणते. नुसतं ‘सगळं छान होईल’ म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा येतो.

आमच्याकडे सगळं सामावून घेतलं जातं असं चित्र मात्र मला उभं करायचं नाही. लग्न जुळवताना ‘कुपारी की वाडवळ’ हे विचारणारे कॅथलिक वसईत आजही भेटतील. बाप्तिस्म्याच्या पाण्याने आमची जात धुतली गेलेली नाही. दलित ख्रिस्तींना तर दोन्हीकडून मार: चर्चमध्ये मागे आणि राष्ट्रपतींच्या १९५०च्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या यादीतूनही बाहेर. बायका वाचन करतात, गायनमंडळ चालवतात, धर्मगुरू होऊ शकत नाहीत. समलिंगी मुलांना घरातच गप्प बसवलं जातं. २०२३च्या डिसेंबरमध्ये रोमने अशा जोडप्यांना आशीर्वाद द्यायला मुभा दिली, तर निम्मं जग रागावलं. पाऊस सगळ्यांवर पडतो, छत्र्या आम्ही वाटून देतो आणि त्यातही भेदभाव करतो.

मैत्रिणीशी भांडू नका. ती तुमच्या काळजीपोटी बोलली असेल. ज्याला खरंच वाटतं की समोरचा आगीत पडणार, तो ओरडणारच. तिला सांगा की वडिलांबद्दल मी हे ऐकून घेणार नाही, बाकी चहा पिऊ.

आणि एकदा चर्चमध्ये येऊन बघायचं मनात असेल, तर नाताळच्या गर्दीत येऊ नका. साध्या आठवड्याच्या दिवशी सकाळच्या मिस्साला, म्हणजे उपासनेला, या. नाव-गाव कुणी विचारत नाही, मागच्या बाकावर बसा. सगळे रांगेने ख्रिस्तप्रसाद घ्यायला निघतील तेव्हा तुम्ही जागेवरच बसा. तो कॅथलिकांनाच देतात. हे तुम्हाला खटकेल, मलाही खटकतं, पण आधी माहीत असलेलं बरं. मुंबईत असाल तर माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला जा, तिथे तुमच्यासारखे हजारो असतात. बायबल वाचायचं असेल तर ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकापासून सुरू करू नका, त्यातल्या आगीने अजून घाबराल. लूकचे दहा ते पंधरा अध्याय वाचा, मग स्तोत्र १०४. त्यात पाणी, गवत, करकोचे, सिंहाचे छावे सगळे आहेत आणि सगळ्यांना देव खाऊ घालतो. वडिलांच्या हरिपाठाच्या शेजारी ठेवून वाचलंत तरी चालेल.