लेकीला म्युझिकमध्येच डिग्री करायचीय आणि कोल्हापूरचे आजोबा ऐकेनात

इंग्लंडमधल्या लेस्टरहून एका ताईंनी विचारलंय. घर मूळचं कोल्हापूरचं, सासू-सासरे अजून राजारामपुरीतच असतात, लेक सोळाची, लहानपणापासून कोल्हापूरच्याच एका गुरुजींकडे ऑनलाइन शिकतेय, आणि आता जीसीएसई (तिथली दहावी म्हणा) झाल्यावर म्हणतेय की मी पुढं युनिव्हर्सिटीत म्युझिकच घेणार. आजोबा फोनवर म्हणतात, गाणं घरात म्हण की, त्याची डिग्री कसली करायची. ताईंचा प्रश्न एवढाच, की यात स्कोप आहे का?

ताई, स्कोपचं नंतर बघू. आधी सांगा, तिनं तिथल्या एखाद्या म्युझिक डिग्रीच्या पहिल्या वर्षाचे विषय उघडून बघितलेत का? आपल्याकडं सगळ्यांना वाटतं पोरगी सुरात आहे, ताना घेतीय, म्हणजे हिला काय अवघड, आरामात करेल. आणि तिथं पहिल्या आठवड्यात हातात पाच रेघांचा कागद येतो. मास्तर पियानोवर चार-आठ मात्रांचं काहीतरी वाजवतात, दोन-तीनदा वाजवतात, आणि ते ऐकून लिहून द्यायचं. तिचा कान चांगला असणार यात शंका नाही, पण तिच्या कानाला सा जागचा हललेला माहीतच नाही. तंबोरा लागला की तासभर सा तिथंच. तिथं पीस चालू असतानाच मध्ये 'की' (आपली पट्टी) बदलते, म्हणजे सा उठून दुसरीकडं जाऊन बसतो, आणि ते कुठल्या मात्रेला झालं हे तिनं ओळखायचंय. "मी काळी पाचमध्ये गाते" म्हटलं तर तिथं कुणाला कळणार नाही, बी फ्लॅट म्हणावं लागेल आणि तो स्टाफवर, म्हणजे त्या पाच रेघांवर, कुठं बसतो ते न अडखळता दाखवता यावं लागेल.

हार्मनीचं तर अजून गंमतशीर आहे. चार आवाजांसाठी, सोप्रानो, आल्टो, टेनर, बास, असं लिहायला शिकवतात आणि त्यातला पहिला नियम की दोन आवाज एकमेकांपासून पंचमाच्या अंतरावर जोडीनं सरकले की चूक, लाल रेघ. आणि आपली पोर वाढलीय कशावर तर सा-पच्या गुंजनावर! तिला त्यात काय वाईट आहे तेच आधी कळणार नाही. कळेल हळूहळू, आणि कळलं की मजापण येईल, पण हे सगळं ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात एकदम अंगावर आलं तर चांगली गाणारी पोरंसुद्धा मला गाता येत नाही असं समजून बसतात. म्हणून माझं म्हणणं, आत्ता दोन वर्षं हातात आहेत तर नोटेशन आणि थिअरी आत्ताच सुरू करा, आणि ते करताना तिला जीव नकोसा होतोय का गोडी लागतीय ते बघा. निर्णय त्याच्यावर घ्या.

शाळेत ए-लेव्हलला (तिथली अकरावी-बारावी) म्युझिक असेल तर घ्यायलाच लावा. नसेल तर बऱ्याच युनिव्हर्सिट्या ग्रेड आठचं प्रॅक्टिकल आणि सोबत थिअरी यावर विचार करतात, प्रत्येकीचं वेगळं असतंय, विचारून घ्या. या ग्रेडच्या परीक्षा घेणारं तिथलं बोर्ड म्हणजे एबीआरएसएम, त्यांचं एक लक्षात असू द्या, ग्रेड पाचची थिअरी (किंवा त्यांनी दिलेला तिचा पर्याय) झाल्याशिवाय ग्रेड सहा, सात, आठच्या प्रॅक्टिकलला बसता येत नाही, त्यामुळं आठवर उडी मारायची असेल तर आधी पाचची थिअरी. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा ती देतेय, मध्यमा पूर्ण झालीय, विशारदला बसणार आहे असं तुम्ही लिहिलंय, ते उत्तमच आहे, अर्जात नक्की लिहा, पण विशारद आहे म्हणजे थिअरी झाली असं तिथलं डिपार्टमेंट धरून चालणार नाही.

आता कॉन्झर्व्हटवार का युनिव्हर्सिटी. कॉन्झर्व्हटवार म्हणजे नुसतं संगीताचं कॉलेज, तिथं बीम्यूज (बॅचलर ऑफ म्युझिक), बहुतेक ठिकाणी चार वर्षं, दिवसभर परफॉर्मन्स, आणि बहुतेकांचे अर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात, ऑडिशन त्यानंतर लगेच. युनिव्हर्सिटीचा बीए साधारण तीन वर्षांचा, इतिहास, कॉम्पोझिशन, रिसर्च, निबंध भरपूर, अर्ज जानेवारीपर्यंत. ख्याल गाणाऱ्या मुलीला मला दुसरा बरा वाटतो. दोन्हीकडं एक प्रश्न मात्र ओपन डेला (कॉलेज बघायला बोलावतात त्या दिवशी) स्पष्ट विचारायचा, की हिंदुस्थानी गायन हा मेन परफॉर्मन्स म्हणून चालेल का, आणि चालत असेल तर तिला शिकवणार कोण आणि मार्क देणार कोण. "वी आर व्हेरी ओपन" एवढंच उत्तर आलं तर ती जागा मी सोडून देईन. युरोपात रॉटरडॅमच्या कोडार्ट्समध्ये भारतीय संगीत शिकवतात, हरिप्रसाद चौरसियांनी तिथं बरीच वर्षं बासरी शिकवलीय, पण ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना नेदरलँड्समध्ये जास्तीची फी पडते ते धरून हिशोब करा.

फीचं सगळ्यात आधी विचारायला हवं होतं तुम्ही, ते कुणी विचारतच नाही. इंग्लंडमध्ये होम फी (तिथल्याच मुलांना लागणारी) २०२५-२६ ला वर्षाला ९,५३५ पौंडांपर्यंत होती, पण होम स्टेटस नुसतं तिथं राहून मिळत नाही. साधारणपणे आयएलआर (तिथं कायम राहायची परवानगी) किंवा सिटिझनशिप आणि कोर्सच्या आधीची तीन वर्षं तिथं राहणं, दोन्ही लागतं. तुम्ही अजून वर्क व्हिसावर असाल तर ती ओव्हरसीज धरली जाण्याची शक्यता जास्त, मग फी कितीतरी वर जाते आणि स्टुडंट लोनही बहुधा मिळत नाही. हा कागद आज रात्रीच काढून बघा.

आता स्कोप. नुसत्या गाण्याच्या मैफलींवर घर चालवणारे तिकडंही थोडे आणि इकडंही थोडे. डिग्रीनंतर बाकीचे कुठं जातात ते बघा. शाळेत शिकवायचं तर वर पीजीसीई, म्हणजे शिक्षक व्हायचा कोर्स. म्युझिक थेरपिस्ट व्हायचं तर तिथं मास्टर्स आणि एचसीपीसी या आरोग्य व्यावसायिकांच्या संस्थेची नोंदणी लागते, त्याशिवाय ते नावच लावता येत नाही. रेकॉर्डिंगकडं ओढा असेल तर सरे युनिव्हर्सिटीत टॉनमाइस्टर नावाचा साउंड रेकॉर्डिंगचा कोर्स आहे, पण त्याला मॅथ्स-फिजिक्सही हवं, म्हणजे ए-लेव्हलचे विषय आत्ताच ठरणार. आणि मंडळी, म्युझिक करून पुढं लॉ किंवा फायनान्सकडं गेलेली पोरंही तिथं असतात, तो काय गुन्हा नाही.

उन्हाळ्यात कोल्हापूरला येताच आहात तर यंदा पन्हाळा-जोतिबा एका दिवसात उरका आणि बाकी सुट्टी तिला रोज गुरुजींसमोर बसू दे, स्क्रीनवर नाही, समोर. देवल क्लबला, म्हणजे तिथल्या गायन समाजात, काही कार्यक्रम असेल तर न्या. एक दिवस मिरजेला जा, तासाभराचा तर रस्ता आहे, तंबोरा कसा करतात ते बघू दे, भोपळा निवडण्यापासून जवारी (तारेचा झंकार) काढेपर्यंत, ऑडिशनला "व्हॉट इज दॅट ड्रोन" विचारलं तर चार वाक्यं नीट सांगता येतील.

आजोबांशी वाद घालायला तुम्ही जाऊ नका, तिला पाठवा. ज्या गावात शाहू महाराजांनी अल्लादियाँ खाँसाहेबांना दरबारी ठेवलं त्या गावचा माणूस म्हणतोय गाण्यात काय आहे, असं तिनं लाडानं म्हटलं तर हसतील तरी. पण खरं सांगायचं तर त्यांची काळजी पैशाची आहे आणि ती चुकीची नाही. त्यांच्यापुढं फी, विषय आणि पुढची वाट एका कागदावर मांडून ठेवा, रिटायर्ड माणूस आहे, आकडे दिले की तेच दोन दिवस त्याच्यात घुसून बसतील. ती कुठलं पीस घेऊन ऑडिशनला जायचं म्हणतेय ते ठरलं की मला परत लिहा, बडा ख्याल दहा मिनिटात कसा बसवायचा हा वेगळाच विषय आहे.