यादी बाजूला ठेव

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. वेदीसाठी घ्यायच्या वस्तूंची यादीही वाचली: सुरी, पात्र, कांडी, स्फटिक, प्रत्येक वाराला वेगळ्या रंगाची मेणबत्ती. तुझा उत्साह मला मनापासून आवडला, पण ती यादी सध्या बाजूला ठेव. तुझ्या हातून घरात रोज जी कामं होतात, पेगन उपासनेची, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या युरोपातल्या देवदेवतांच्या आणि निसर्गाच्या उपासनेची, सुरुवात तिथूनच होऊ दे.

जुन्या रोममध्ये उपासना घरात, रोजच्या वावरात होत असे. चुलीची देवता वेस्ता, घराचे रक्षक लारेस, कोठाराचे राखणदार पेनातेस. पॉम्पेईच्या उत्खननात लारेसची छोटी देवस्थानं घराघरांतून सापडली, आणि त्यांतली कित्येक थेट स्वयंपाकघराच्या भिंतीवर रंगवलेली आहेत. ग्रीकांची हेस्तियाही चुलीचीच. तिच्या प्राचीन स्तोत्रात म्हटलंय की मेजवानीत पहिलं आणि शेवटचं अर्पण तिला मिळतं. तिच्या पराक्रमाच्या कथा मात्र जवळपास नाहीतच. ती विस्तवापाशी असते, एवढंच. मला म्हणूनच ती इतर देवतांपेक्षा जवळची वाटते.

तेव्हा एकच काम निवड. सकाळी शेगडी पेटवताना हेस्तियाला उद्देशून एक वाक्य बोल, तुझ्या स्वतःच्या शब्दांत. पुस्तकातला मंत्र नको. पाठ केलेले शब्द फार लवकर नुसते तोंडात राहतात. किंवा झाडू घे. घर आतून उंबरठ्याकडे झाडत ये आणि काय बाहेर जायला हवं ते मनात अगदी स्पष्ट ठेव: कालचं भांडण, कुणाच्या आजारपणाची मरगळ. माझ्या लेखी जादू हीच: हेतू, हातांची हालचाल आणि लक्ष, तिन्ही एकाच वेळी एकाच जागी. पातेल्यातलं ढवळतानाही हे जमतं. काही यावं असं वाटत असेल तर सूर्याच्या दिशेने ढवळ, काही सुटावं असं वाटत असेल तर उलट. उत्तर गोलार्धात सूर्याची दिशा म्हणजे घड्याळाच्या काट्यांची. दक्षिण गोलार्धातले बरेच साधक ती फिरवून घेतात, कारण तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि डावीकडे सरकताना दिसतो.

सणांचंही तसंच. साउइन, हिवाळ्याच्या तोंडावरचा सण, ३१ ऑक्टोबरला आणि बेल्टेन, उन्हाळ्याच्या सुरुवातीचा, १ मे रोजी, हे उत्तर गोलार्धाचं गणित झालं. ऑस्ट्रेलियातले अनेक पेगन साउइन एप्रिलच्या अखेरीस करतात, कारण पानगळ तेव्हा असते. तारखेपेक्षा खिडकीबाहेर काय चाललंय ते आधी बघ.

साउइन, बेल्टेन धरून पेगन वर्षात आठ सण असतात. हे आठ सणांचं चक्र हजारो वर्षं जसंच्या तसं चालत आलंय, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नकोस. यातले काही सण खरोखर प्राचीन आहेत, पण आठांचं एक चक्र विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये जुळलं. तिथला चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी विक्का या आधुनिक पेगन पंथाची ओळख करून देणारं पुस्तक छापलं. शरद संपाताच्या, म्हणजे शरदात दिवस-रात्र समान होतात तेव्हाच्या, सणाला ‘मॅबन’ हे नाव तर १९७० च्या दशकात अमेरिकन पेगन लेखक एडन केली यांनी दिलं. परंपरा नवी आहे म्हणून ती खोटी ठरत नाही. तिच्या वयाबद्दल खोटं बोलणं मात्र मला खटकतं.

आता थोडं काळजीचं. घरात मांजर असेल तर टी ट्री तेल अजिबात नको, ते तिला विषारी असतं. सेलेनाइट हा स्फटिक पाण्यात धुऊ नकोस, तो विरघळतो. धुरीसाठी जाळतात ती पांढऱ्या सेजची जुडीही यादीतून काढ. ती अमेरिकेतल्या आदिवासी समाजांच्या विधींची वनस्पती आहे आणि बाहेरच्या मागणीमुळे जंगलातून ओरबाडली जाते. धुरी हवीच असेल तर रोझमेरी वापर, आणि खिडकी उघडी ठेव. पेटती मेणबत्ती सोडून खोलीबाहेर जायचं नाही, मग विधी अर्धवट राहिला तरी चालेल.

भावाची नोकरी गेलीय, त्याच्यासाठी गुपचूप काही करू का, असं तू विचारलंस. गुपचूप नको. कुणाला इजा न करता हवं ते कर, असं विक्काचं सूत्र सांगतं. मी त्यापुढे जाऊन म्हणते की दुसऱ्याच्या आयुष्यात त्याला न विचारता हात घालणं हीसुद्धा इजाच. त्याला सरळ विचार. हो म्हणाला तर दोघं मिळून मेणबत्ती लावा आणि त्याच उजेडात त्याचा अर्ज लिहायला बसा. नको म्हणाला तर मेणबत्ती राहू दे, अर्जाला मात्र मदत कर. काय म्हणाला ते मला कळव.