डीपी जळाली, आणि कार्यालय म्हणतं, "तुम्हाला वीज फुकटच आहे"

प्रश्न : कवठे महांकाळ तालुक्यात माझी दोन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली, घड बाहेर पडायला लागले आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली. नऊ दिवस झाले, ठिबक बंद आहे. वीज कंपनीच्या कार्यालयात सांगतात, "डीपीवरच्या लोकांची जुनी बाकी भरा, गाडीभाड्याची वर्गणी काढा, मग बघू. तसंही तुम्हाला वीज फुकटच आहे." चालू बिल शून्य येतं, पण जुनी थकबाकी दिसते. कनेक्शन वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. मंजुरी पाच एचपीची, मोटर साडेसातची. तक्रार करावी का?

उत्तर : करा, आजच करा. पण शेवटी जाता जाता लिहिलेल्या मोटरच्या ओळीवर मी सविस्तर बोलणार आहे, तेवढं नीट वाचा.

तुमचं बिल कुणी सोडून दिलेलं नाही, ते सरकार भरतं. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना २०२४ प्रमाणे साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ असा लाभ आहे. विद्युत कायदा २००३ चं कलम ६५ सांगतं की, सरकारला एखाद्या वर्गाला सवलत द्यायची असेल, तर त्या अनुदानाची रक्कम सरकारने कंपनीला आगाऊ द्यायची. म्हणजे कंपनीच्या हिशेबात तुमची वीज विकलेलीच आहे. पैसे कुणाच्या खिशातून आले यावरून ग्राहकाचा हक्क कमी होत नाही. असं बोलून शेतकऱ्याला काउंटरवरून परत पाठवतात याचा मला मनापासून राग येतो.

ग्रामीण भागात जळालेला ट्रान्सफॉर्मर ४८ तासांत बदलून पुरवठा सुरू करणं हे राज्य वीज नियामक आयोगाच्या कृती मानकांप्रमाणे (सेवा किती वेळात द्यायची याचे नियम) कंपनीचं काम आहे. उशीर झाला तर विद्युत कायद्याच्या कलम ५७ खाली भरपाई मागता येते. ट्रान्सफॉर्मर कंपनीचा, म्हणून खर्चही कंपनीचा. वर्गणी दिलीच असेल तर कुणी, किती, कुणाच्या हातात दिली ते लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. आयोगाने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त घेतलेली रक्कम कलम ६२(६) प्रमाणे व्याजासह परत मागता येते.

थकबाकीचं मात्र वेगळं. योजना एप्रिल २०२४ पासूनच्या बिलांची आहे. पुढाऱ्यांच्या सभेत थकबाकीबद्दल काय जाहीर झालं यापेक्षा तुमच्या बिलावरचा थकबाकीचा रकाना काय सांगतो ते पाहा. कलम ५६(२) प्रमाणे दोन वर्षांपेक्षा जुन्या बाकीसाठी लाईट तोडता येत नाही, पण ती बाकी बिलावर सतत दाखवलेली असेल तर ही मुदत उपयोगाची नाही. म्हणून जुनी बिलं शोधून काढा. आणि बाकी खरी असली तरी तोडण्याआधी त्या ग्राहकाला पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. शेजाऱ्याच्या बाकीपायी अख्खी डीपी अंधारात ठेवण्याचा अधिकार कायद्याने कुणालाही दिलेला नाही. तशी नोटीस न देता डीपी बदलायचीच नाही, याचा अर्थ नोटिशीशिवाय लाईट तोडल्यासारखाच होतो. अर्जात हेच वाक्य लिहा.

आता मोटर. पाचच्या मंजुरीवर साडेसातची चालवणं कलम १२६ मध्ये 'अनधिकृत वापर' ठरू शकतं. मंजूर भारापेक्षा जास्त वापर या कलमात येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने सीताराम राइस मिलच्या प्रकरणात म्हटलं आहे. आकारणी लागू दराच्या दुप्पट होते आणि कधीपासूनचा वापर ते कळत नसेल तर तपासणीच्या आधीचे बारा महिने धरतात. अशी नोटीस आली तर लगेच लेखी हरकत द्या, कारण नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत अंतिम आदेश काढायचा असतो. अंतिम आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील आहे, पण त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. वीज ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा ग्राहक तक्रार निवारण मंच कलम १२६ चा विषय ऐकत नाही, त्यामुळे डीपीच्या तक्रारीत हा वाद मिसळला तर दोन्हीकडून अडकाल.

म्हणून भार वाढवून मिळण्याचा अर्ज आताच टाका. साडेसात एचपी योजनेच्या मर्यादेतच आहे, भार वाढला म्हणून लाभ जाणार नाही. दहाची मोटर बसवायचा विचार असेल तर तो मात्र सोडून द्या. एका डीपीवर चार-पाच जणांनी असा जादा भार टाकला की नवी डीपीसुद्धा टिकत नाही, हे शेजाऱ्यांनाही सांगा.

वडिलांच्या नावाची अडचण नाही. ज्याच्या जागेला जोडणी आहे तो कलम २(१५) प्रमाणे ग्राहकच. वारसनोंद झालेला सातबारा आणि मृत्यूचा दाखला लावून नाव बदलायचा अर्ज भाराच्या अर्जासोबतच द्या.

क्रम असा ठेवा : आधी १९१२ या वीज तक्रारीच्या फोन नंबरवर तक्रार नोंदवून नंबर लिहून ठेवा. मग डीपीवरच्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज उपविभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. तोंडी "देतो, बघतो" यावर थांबू नका. तरी हलले नाहीत तर कोल्हापूरच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. तिथे वकील लावावा लागत नाही. डीपी लगेच बसवण्याचा अंतरिम आदेश आणि उशिराची भरपाई, दोन्ही मागा. मंचाचा आदेश पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं. सुकलेल्या घडांचे तारखेसह फोटो आजपासूनच काढून ठेवा, आणि तलाठ्याकडून पंचनामा होत असेल तर तोही करून घ्या.