पाण्यात उभं, तरी तहानलेलं

प्रश्न : तिवराचं झाड भरतीच्या पाण्यात उभं असतं, तरी त्याची पानं कोरड्या माळावरच्या झुडपासारखी जाड नि चिवट का? आणि एवढ्या खाऱ्या पाण्यात ते मरत कसं नाही?

उत्तर : पाणी आहे, पण ते मुळांना सहजासहजी मिळत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पेशीतला रस त्याहून दाट नसेल, तर पाणी आत यायचं सोडून उलट बाहेर जाईल. सुकलेल्या जमिनीतल्या झाडाचाही पेच हाच. म्हणून दुष्काळावरचे आणि खारेपणावरचे झाडांचे उपाय इतके मिळतेजुळते आहेत.

रस दाट करायला मीठ हाताशीच असतं, पण त्यातला सोडियम वाढला की पेशीतली विकरं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, बिघडतात. तिवराची मुळं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात. जे आत येतं ते पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीत, कोंडलं जातं, उरलेलं पानांवरच्या ग्रंथी बाहेर टाकतात. कोरड्या दुपारी पान भिंगाखाली धरा, मिठाचे कण चमकताना दिसतील. मी विद्यार्थ्यांना पान चाटूनच बघायला सांगत असे. ती चव कुणी विसरत नाही.

रिक्तिकेबाहेरचा पेशीद्रवही तितकाच दाट हवा, नाहीतर त्यातलं पाणी रिक्तिकाच ओढून घेईल. त्यासाठी झाड स्वतः निरुपद्रवी रेणू तयार करतं. तिवर ग्लायसीन बीटेन साठवतं, काही वनस्पती प्रोलीन, काही मॅनिटॉल. मला यातलं सर्वांत जवळचं प्रोलीन, कारण ते डोळ्यांना दाखवता येतं. एकाच जातीच्या दोन कुंड्या घ्यायच्या, एकीचं पाणी आठवडाभर तोडायचं. मग दोन्हींच्या पानांचा अर्क आम्लातल्या निनहायड्रिनबरोबर (प्रोलीनशी मिळून लाल रंग देणारं रसायन) तासभर उकळत्या पाण्यात ठेवायचा आणि थंड झाल्यावर त्यात टोल्युइन हा पाण्यात न मिसळणारा द्रव घालून हलवायचं. वर तरंगणारा थर पाणी मिळालेल्या रोपाचा फिकट गुलाबी, तहानलेल्याचा लाल. दोन नळ्या शेजारी धरल्या की वर्ग एकदम गप्प व्हायचा.

प्रोलीन जास्त म्हणजे झाड कणखर, असं मात्र समजू नका. पुष्कळदा ते झाडाला झालेल्या त्रासाचंच लक्षण असतं. शिवाय प्रोलीन आणि ग्लायसीन बीटेन दोन्हींत नायट्रोजन खर्च होतो. तो वाढीतून वजा होतो. खारवटीतली झाडं हळू वाढतात, त्याचं हे एक कारण.

पानांचं जाडपणही पाणी जपण्यासाठीच. वर मेणाचा थर असतो. मुळं तहानली की ॲबसिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं आणि पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रं, मिटतात.

प्रश्न : खाजणातली, म्हणजे भरतीच्या खाऱ्या दलदलीतली, मोरस ही वनस्पती एका जागी हिरवी, तर चार पावलांवर लालभडक. जात एकच आहे का?

उत्तर : बहुधा एकच. रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइड कमी पडतो, ऊन मात्र पानावर पडतच राहतं. वापराविना उरलेल्या त्या ऊर्जेतून ऑक्सिजनची विध्वंसक रूपं तयार होतात. मोरस त्यांना बीटालेन या लाल रंगद्रव्याने आवर घालते. बोगनवेलीचा रंगही याच प्रकारच्या रंगद्रव्याचा. हे रंगद्रव्य पानावर सावलीही धरतं. तुमच्या त्या चार पावलांत माती जास्त खारट किंवा जास्त कोरडी आहे का, हे बघा. ओहोटीला दोन्ही जागची चिमूटभर माती घ्या, सारख्याच पाण्यात ढवळा आणि निवळल्यावर क्षारमापकाने मोजा. आकडे मला जरूर कळवा.